ज्याला उत्तर हवंय, त्यानं गप्प राहायचं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, आणि सभागृहातील माझ्या बंधू-भगिनींनो,

मघापासून बाईंनी किती हाडं जोडली, याचं कौतुक चाललंय. रास्तच आहे. मी मात्र त्यांच्यासाठी हाडं मोडत आलो. हसू नका, ओळखपत्रावर 'तंत्रज्ञ' असं सभ्य नाव आहे!

मोडायचं यंत्र माझ्या हातचं. कॉलेज मी बाहेरूनच पाहिलं. लेथवर हात बसवला, बाकी पुस्तकं मागून वाचली. संशोधनासाठी देहदानातून आलेला खुबा किंवा घोटा त्यात आवळायचा आणि वरून वजन सोडायचं, नाहीतर पीळ द्यायचा. आवाज? ओली फांदी मोडावी तसा. पहिल्या दिवशी बाहेर जाऊन ओकलेले दोघे आज पुढच्या रांगेत आहेत. नावं घेत नाही.

बाईंचा दंडक असा, की हाड मोडण्याआधी प्रत्येकानं मोठ्यानं अंदाज सांगायचा: भेग कशी जाईल? मोडल्यावरचं शहाणपण नको. आणि ज्याला अमुकच उत्तर हवंय, त्यानं गप्प राहायचं.

एके दिवशी माझी ताईच वॉर्डात आली. खुबा मोडलेला, घोटा मोडलेला. भावोजी सगळ्यांना सांगत होते, "जिन्यावरून पडली. पहिल्यापासूनच धांदरट!" ताई छताकडे बघत होती. बरी झाली की तिला त्याच घरी जायचं होतं. मी वर्कशॉपमधली पहार उचलली. बाई दारात आडव्या आल्या.

"कुठे निघालास?"

"त्याचा खुबा मोडायला."

"म्हणजे तू तुरुंगात, आणि ती त्याच्याच तावडीत. ठेव ती पहार. यंत्र सुरू कर."

घोट्यावरचं काम चालूच होतं. त्यात बाईंनी आडव्या घावाची भर घातली. पायरीवर मुरगळतो तसा पीळ दिला, की बाहेरचं हाड तिरकं फाटायचं. लोखंडाचा आडवा घाव घातला, की आडवं तुटायचं आणि घावाच्या बाजूला त्रिकोणी पाचर सुटायची. ताईच्या एक्स-रेत ती पाचर होती. सगळे अंदाज सांगत होते, मी दातओठ खात कळ दाबत होतो. प्रत्येक घावाखाली मला भावोजींचं तोंड दिसत होतं. मला बोलायची बंदी उगाच होती का?

खुब्याचा निकाल मात्र उलटा लागला. तो पडूनच मोडला होता. मी उखडलो. "म्हणजे तो खरं बोलतोय?"

"पडली, हे खरं," बाई म्हणाल्या. "का पडली, ते घोट्याला विचार."

हेच त्यांनी ताईच्या खाटेशी बसून सांगितलं, भावोजींच्या देखत. "तुम्ही पडलात, मान्य. पण घोटा पडून मोडलेला नाही."

ताईनं मान वळवली. "उभी होते हो मी. कपडे वाळत घालत होते. त्यानं घोट्यावर गज हाणला." आजवर तिच्या तोंडी कायम 'ह्यांनी' असायचं.

भावोजींनी सलाइनचा स्टँड उचलला. तो ताईच्या डोक्यात बसणार, तोच बाई मध्ये घुसल्या. घाव दंडावर झेलला, पाय घसरला, घोटा वळला. वॉर्डभर आरडाओरडा होता, तरी मला ती ओली फांदी ऐकू आलीच. मी भावोजींना भिंतीवर आपटलं. दात पडले. दातांवर आमचं संशोधन नाही.

"सोड त्याला!" बाई फरशीवरून ओरडल्या. "आणि माझा अंदाज ऐक. भेग तिरकी!"

एक्स-रे निघाला. तिरकीच होती.

भावोजी तुरुंगात गेले. ताई माझ्या घरी आली. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, काठीशिवाय चालत आली आहे.

परवा बाई मला म्हणाल्या, "माझा देह मी इथेच देणार. खुबे, घोटे तुझ्या यंत्रात जातील. तूच मोडायचे. हात थरथरता कामा नये."

मला बोलू दिलंत, आयोजकांचे मनापासून आभार. भाषणात कुठे काही तुटलं असेल, तर सांभाळून जोडून घ्या. बाईंच्या हाताखाली शिकलेली माणसं आहात.

आणि बाई, यंत्राला मी तेल घालून ठेवीन. तो दिवस फार लांबो. पण त्या दिवशी मला अंदाज कुणी विचारू नका. मला उत्तर अमुकच हवं असेल. मोडू नये.