नोंदवायचं राहिलेलं

— वहिनी, आलं सगळं. वायर लावून सायादादाचा बोटींना सूचना देणारा प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरवरून माझ्याकडे घेतला. पहिल्या दिवसापासून त्यानं काय काय बदललं, तेही दिसतंय.

— मग आईंचा आवाज लाव, फेलेती.

— कसला आवाज?

— वादळाच्या सूचना, आपल्या निउआफोओउ बेटाच्या भाषेत. दवाखान्यात आईंना उशाशी बसवून त्यांच्या आवाजात भरून घेतल्या त्यानं. म्हणायचा, बोटीवरच्या आपल्या म्हाताऱ्यांना नुसतं तोंगन ऐकून धीर येत नाही. एका हाताला डायलिसिसची नळी, दुसऱ्या हातानं काम.

— इथे तोंगनमधल्याच सूचना आहेत.

— नीट बघ.

— बघितलं. नकलेत तेवढंच येतं, जे त्यानं प्रोग्रामच्या नोंदवहीत पक्कं नोंदवलंय. शेवटची नोंद दवाखान्यात जायच्या आधीची आहे.

— म्हणजे?

— आवाज नुसता त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डरमध्ये पडून असणार. नोंदवायचा राहिला.

— मग ते फोल्डर उचल ना.

— तेच करायला गेलो. डिस्क सकाळपासून कटकट करत होती, म्हणून आधी जिवाचं ते काढून घेतलं. हे येऊन पोचलं आणि ती बंद पडली.

— चालू कर परत.

— चारदा केली. डिस्कच सापडत नाही म्हणतंय.

— राजधानीत पाठवू, नुकुआलोफाला. ऑकलंडला माझी बहीण आहे.

— नुकुआलोफाच्या दुकानदाराला कटकट सुरू झाली तेव्हाच फोन केला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतून खाल्ली असणार, आशा धरू नका म्हणाला. तरी पाठवू या.

— तू नाही धरत ना आशा?

— नाही, वहिनी.

— तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्यावर ओरडले होते. म्हटलं, ठेव ते मशीन खाली, झोप जरा. नोंदवायलाच बसला असेल तेव्हा.

— तसं नसेल.

— तुला काय माहीत.

— आईंची वाचा थोडी तरी परत आलीय? त्यांच्याकडून परत भरून घेता येईल?

— अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द फुटलेला नाही त्यांच्या तोंडून. सकाळीच मी सांगून बसले, आज सायाचं काम ऐकायला मिळणार. ओसरीवर चटई टाकून बसल्यात तेव्हापासून. विचारता येत नाही, नुसत्या माझ्या तोंडाकडे बघतील.

— मी येऊ बरोबर, त्यांना सांगायला?

— नको. तू बंदरावर जा. तोंगनमधलं आहे ते सुरू कर. बोटी निघाल्या असतील.