काटा, पावती आणि बूट

त्या दोघांची आठवण आली की अजून डोकं फिरतं माझं. आमच्या साखर कारखान्यात पुण्याच्या माणसानं पावतीचा नवा प्रोग्रॅम टाकला, अन् उसाचा वजनकाटाच बंद पडला. काट्याचा माणूस बारामतीवरनं आला, त्यानं जुनी फाईल परत घातली, तर पावती छापंना. दोघंबी एकच सांगायचे, "चूक त्याची हाय, तुम्ही सध्या चालवून घ्या."

बाहेर उसाच्या बैलगाड्या उन्हात उभ्या!

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बूट काढायचा नियम होता. दोघं निघाले, तवा मी प्रत्येकाला एक त्याचा अन् एक दुसऱ्याचा बूट दिला.

"साहेब, हा माझ्या मापाचा नाही!"

"चालवून घ्या की! सकाळपासनं आमाला काय सांगताय?"

दोघंबी अनवाणीच परत आत गेले. काटा चालला, पावतीबी छापली, तवाच ज्याचे त्याला बूट दिले.