साहेबांचे पाय आणि तपासणीची फरशी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि नात्याने माझे व्याही असलेले या विमानतळाचे सुरक्षाप्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या विहीणबाई, आणि समोर जमलेल्या सर्व कर्मचारी बंधुभगिनींनो,

गेल्या वर्षी चौदा मार्च, मंगळवार, सकाळी सहा वाजून बावीस मिनिटं.

निरोपाच्या भाषणाची सुरुवात जड अंतःकरणाने करायची असते, याची मला कल्पना आहे. पण माझं अंतःकरण जड नाही. माझ्याकडे तारीख आहे, वेळ आहे आणि एक जाड फाइल आहे. विहीणबाईंनी माझं नाव सुचवलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, दोन गोड शब्द बोलून बाई खाली बसतील. मीही बोलणार आहे गोड. वेळ आल्यावर.

तर सहा वाजून बावीस मिनिटांनी मी आपल्या तपासणीच्या रांगेत होते. उकाडा होता, म्हणून मोजे घातले नव्हते. ही माझी चूक. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर दर सोमवारी मोजे तपासायच्या आणि म्हणायच्या, मोजे न घालणारी मुलगी पुढे काय करेल याचा नेम नाही. मी पुढे काय केलं, ते सांगतेच.

तपासणीवरची मुलगी म्हणाली, "आजी, बूट काढा."

मी म्हणाले, "मी तुझी आजी नाही. आणि ही फरशी शेवटची कधी पुसली?"

"ते सफाईवाल्यांना विचारा."

"ते कुठे आहेत?"

"बाहेर. पण बाहेर गेलात तर परत रांगेत यावं लागेल."

"आणि परत बूट काढावे लागतील?"

"हो."

"याच फरशीवर?"

"आजी, मागे लोक आहेत हो."

ती मुलगी आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाळ, खाली बघू नकोस, तू तुझं काम केलंस. मागे लोक होते हेही खरं. माझ्या मागचे गृहस्थ तर अगदी चिकटून उभे होते. त्यांच्या टाचेला चिकटपट्टी होती. मी वाद घालत होते तोवर ते बूट काढून माझ्या पुढे गेले, आणि तपासणीच्या कमानीतून पलीकडे पोचले तेव्हा टाचेला पट्टी नव्हती. मग ती कुठे होती? मी विचारते, अध्यक्ष महोदय, ती कुठे होती? ज्या पायपुसण्यावर मला उभं करणार होते, त्यावर होती. पायपुसणं एके काळी निळं असावं. आणि त्या गृहस्थांचे बूट ज्या ट्रेमधून गेले, त्याच ट्रेमध्ये लगेच पुढच्या बाईने बाळाची दुधाची बाटली ठेवली. आडवी.

मी तीस वर्षं शस्त्रक्रिया विभागात मेट्रन होते. माझ्या विभागात डॉक्टरसुद्धा बाहेरच्या चपला घालून आत आले, तर मी त्यांना दारातून परत पाठवलेलं आहे. तिथे मोठ्या मोठ्या सर्जनांनी माझ्यापुढे चपला बदलल्या आणि इथे मी अनवाणी?

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं, घरचा माणूस आला. मुलगी दिली आहे आपण यांच्या घरात. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेट्रनबाई, नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हणाले, "नियम सारखा असू दे, साहेब. पण नायटाही सगळ्यांना सारखा वाटून द्यायचा का?"

मी बूट काढले. तरीही मी गप्प बसले असते, असं माझे यजमान म्हणतात. त्यांनी मला गप्प बसलेलं कधी पाहिलं, हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या विभागात फरशीचा संशय आला की आम्ही भांडत नसू, नमुना घेत असू. काही बायकांच्या पर्समध्ये लिपस्टिक असते, माझ्या पर्समध्ये निर्जंतुक कापसाची काडी असते. पर्स यंत्रातून बाहेर आली, मी काडी काढली, पायपुसण्याजवळ उकिडवी बसले आणि चारही कोपरे घासून घेतले.

तीन बंदूकधारी आले. त्यांचा दोष नाही. चौसष्ट वर्षांची बाई जमिनीवर बसून पायपुसणं काडीने घासते आहे, हे त्यांच्या प्रशिक्षणात नसणार. त्यांनी मला एका खोलीत बसवलं, काडीची नळी उजेडात धरून पाहिली, यंत्रातून दोनदा नेली आणि अखेर पावणेदोन तासांनी परत दिली. तोवर विमान गेलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वेळेवर गेलं, कौतुक आहे.

आता माझी चूक सांगते. ही मी आजवर कोणापुढे कबूल केली नव्हती, घरीसुद्धा नाही.

आमच्या रुग्णालयात जुनी पद्धत आहे. फरशीचा नमुना घेतला की त्यावर त्या विभागाच्या प्रमुखाचं नाव घालायचं. फरशी घाण निघाली तर फरशीला कोण बोलणार? बोलणी प्रमुखाने खायची. मी खाल्लेली आहेत. त्या सवयीने मी नळीवर साहेबांचं नाव घातलं, अहवाल थेट त्यांच्या हाती पडावा म्हणून त्यांच्या घरचा पत्ता घातला आणि नळी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवून दिली. नमुना कशाचा, हा रकाना मी कोरा ठेवला. जुन्या लोकांना माझं अक्षर दिसलं की पुरे व्हायचं. पण जुने लोक माझ्याच बरोबर निवृत्त झाले, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. नव्या तंत्रज्ञाला नळीत दोन प्रकारची पायाची बुरशी आणि आतड्यातले जंतू सापडले. बिचाऱ्याने कोऱ्या रकान्यात लिहिलं, "रुग्णाच्या पायाची त्वचा". खाली सूचना दिली, "कुटुंबीयांनी रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा."

सातव्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "विहीणबाई, ह्यांच्या पायाचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

मी विचारलं, "पायाचं काय?"

"माहीत होतं म्हणूनच तुम्ही त्या दिवशी तिथे बूट काढेनात. आम्हाला एका शब्दाने सांगायचं तरी. मी यांच्या शेजारी झोपते हो."

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, साहेबांना चार दिवस कळू दे. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. साहेबांनी सकाळ-संध्याकाळ मलम चोळलं. त्यांच्या चपला बाल्कनीत गेल्या, टॉवेल गॅलरीतल्या खिळ्यावर गेला, आणि या कार्यालयात त्यांच्या खुर्चीखाली कोणी वर्तमानपत्र अंथरून ठेवत असे, असंही कानावर आलं. कोण ते मी विचारत नाही. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी भिंग लावून दोन्ही पाय पाहिले आणि म्हणाले, "साहेब, असे पाय मी फक्त तान्ह्या मुलांचे बघतो." मग साहेबांनी प्रयोगशाळेत फोन केला आणि नळी कोणी पाठवली ते त्यांना कळलं.

त्या दिवसापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. मी फरशीबद्दल नऊ पत्रं लिहिली. नऊ वेळा एकच छापील उत्तर आलं, "तक्रार प्राप्त झाली, योग्य ती कार्यवाही सुरू आहे." माझ्या लेकीकडून साहेबांनी निरोप पाठवला, आधी मेट्रनबाईंनी माझ्या पायांची बदनामी मागे घ्यावी, मग फरशीचं बोलू. मी उलट निरोप पाठवला, आधी फरशी, मग पाय. लेक म्हणाली, "आई, मी टपालखातं नाही." नातीच्या पहिल्या वाढदिवसाला हे दोघं सकाळी येऊन गेले आणि आम्ही संध्याकाळी गेलो. नातीला केक दोनदा मिळाला, म्हणून तिची काही तक्रार नाही.

ही रस्सीखेच अजून दहा वर्षं चालली असती, माझी तयारी होती. पण आज दुपारी इथे आल्यावर आवक-जावकच्या बाईंनी मला नियम सांगितला. तक्रारीच्या उत्तरावर सही प्रमुखाचीच लागते, आणि प्रमुख निवृत्त झाला की त्याच्या काळातल्या अनुत्तरित तक्रारी दप्तरी दाखल होतात. म्हणजे माझी नऊ पत्रं उद्या सकाळी एका कपाटात जातील, नवे साहेब येतील आणि त्या फरशीवर लोक पुढे जन्मभर अनवाणी उभे राहतील. माझ्या हट्टामुळे. साहेबांच्याही हट्टामुळे, पण आज निरोप त्यांचा आहे, म्हणून माझ्या म्हणते.

सूत्रसंचालकांनी मला दोन मिनिटं उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे. पुरेत.

माझ्या हातात प्रयोगशाळेचा दुरुस्त अहवाल आहे. मी तो गेल्या वर्षी एप्रिलमध्येच आणला होता, दाखवला मात्र नाही. वाचते. "सदर नमुना विमानतळावरील पायपुसण्याचा असून नमूद व्यक्तीच्या शरीराशी त्याचा संबंध नाही." या सभागृहासमोर, अध्यक्षांच्या साक्षीने मी जाहीर करते की साहेबांचे पाय निर्दोष आहेत, नेहमीच निर्दोष होते, आणि चौदा महिने त्यांची जी बदनामी झाली ती माझ्या सवयीने आणि माझ्या खोडसाळपणाने झाली. साहेब, मी आपली माफी मागते. विहीणबाई, टॉवेल आत घ्या. आणि साहेब, हसू नका, हे अधिकृत आहे.

आता गोड शब्द. एकतीस वर्षांत या माणसाने ओळखीपाळखीवर एकालाही सोडलं नाही. स्वतःच्या विहिणीला सोडलं नाही. अशी माणसं प्रत्येक दारात असती, तर माझ्या विभागाला मेट्रनच लागली नसती. मला त्यांचा राग आला तो खरा, पण त्या रागात जळफळाट कमी आणि बरोबरीचा माणूस भेटल्याची चीड जास्त होती.

मला बोलायला दिल्याबद्दल अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि माझ्या मागे बसून दोनदा खोकलेल्या यजमानांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. फरशीच्या बाबतीत मात्र माझं काही चुकलेलं नाही. रोज तीन वेळा धुतलेलं पायपुसणं, बुटांचे वेगळे ट्रे, प्रत्येकाला कागदी पायमोजे आणि भिंतीवर सफाईची वेळ व सही, एवढंच मागते.

साहेबांचा अधिकार साडेपाचला संपतो. आत्ता चार वाजून बावन्न मिनिटं झाली आहेत. तुमची अट मी पूर्ण केली, साहेब, आता फरशीची पाळी तुमची. कोरा कागद आणि पेन तुमच्या पुष्पगुच्छाखाली ठेवलं आहे. लेखी उत्तर मला पाच वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत हवं. पुढची पाच मिनिटं आवक-जावकच्या बाईंना लागतील, शिक्का त्यांनी बरोबर आणला आहे. मी समोरच्या खुर्चीत बसते आहे.