गेटपर्यंत रेंज

किसन : ...आणि ही सोनेरी टोकाची केबलची वायर ह्याच्या पाठीत पिळायची, बस्स! आधी कसं, केबलवाल्याचा मोडेम वेगळा, वायफायचा डबा वेगळा, दोघांचे अडॅप्टर वेगळे. टीव्हीमागं नुसतं घरटं झालं होतं. आता दोघांचं काम हा एकटा करतो.

संध्या : पप्पा, सगळे दिवे हिरवे लागलेत. तुम्ही लॅपटॉप जोडून दिलात, तसा मी ऑफिसला कॉल पण लावून बघितला. एकदा पण तुटला नाही. खरं सांगू, माझा जीव भांड्यात पडला. मॅडम म्हणाल्या होत्या, घरचं नेट असंच राहिलं तर रोज ऐरोलीला या. मग पोराला कुठं ठेवणार होते मी?

किसन : म्हणून तर उठलो नि गेलो. म्हटलं, सूनबाईची नोकरी एका डब्यापायी जाता कामा नये. आमच्या उल्हासनगरात त्या सिंध्याच्या दुकानात शिरलो. म्हणतो कसा, "दादा, एक में दो, टेन्शन खतम." मी म्हटलं, साईं, मेरे को कुछ समझता नहीं, सब चालू करके दो. त्यानं तिथनंच तुमच्या केबलवाल्याला फोन लावला, ह्याच्यावरचा नंबर त्याच्याकडे चढवून घेतला. नाव, पासवर्ड, सगळं काउंटरवरच टाकून दिलं.

मिलिंद : पप्पा, एक मिनिट. हे नाव कुणी टाकलं?

किसन : दिसलं का तुला? दिसलं ना? मी कधीचा वाट बघतोय तू कधी फोन उघडतोस त्याची!

संध्या : कसलं नाव?

मिलिंद : वायफायचं. हे बघ. धम्मदीप.

किसन : इंग्रजीतून आहे, पण काना-मात्रा बरोबर घातलाय पठ्ठ्यानं. मला विचारलं, "अंकल, नाम क्या रखेंगे?" मी एका सेकंदात सांगितलं. नातवाचं ठेव म्हटलं. आणि ताकद बघ ह्याची! मघाशी दूध आणायला खाली उतरलो, जिन्यात फोन काढला, तर धम्मदीप. पार्किंगमध्ये, धम्मदीप. अरे, गेटपाशी त्या वॉचमनच्या खुर्चीपर्यंत धम्मदीप! छाती फुगली माझी.

मिलिंद : गेटपर्यंत दिसतंय?

किसन : फुल रेंज!

मिलिंद : म्हणजे खाली हिरामण काकांच्या घरात पण दिसत असणार.

किसन : कोण, तुझा घरमालक? दिसू दे की. फुकट थोडंच वापरणारे, पासवर्ड आहे त्याला.

मिलिंद : पप्पा, ते नाव बदलायला लागेल. आत्ताच्या आत्ता.

किसन : का रे? स्पेलिंग चुकलं का?

मिलिंद : स्पेलिंग बरोबर आहे.

किसन : मग?

संध्या : मिलिंद, नीट सांग त्यांना. असं तुटक नको बोलूस.

मिलिंद : काय नीट सांगू? संध्याकाळी काका वर येणारेत. ॲग्रीमेंट रिन्यू करायचंय. आणि त्यांच्या फोनमध्ये हे असं झळकतंय.

किसन : झळकतंय तर झळकू दे. पोराचं नाव आहे, शिवी आहे का?

मिलिंद : इथं त्याला सगळे दीप म्हणतात.

किसन : लाडानं म्हणत असतील.

मिलिंद : लाडानं नाही. आम्हीच तसं सांगितलंय. दीप मोरे.

किसन : ...आणि बाकीचं?

मिलिंद : बाकीचं नाही सांगितलं.

किसन : विहारात नाव ठेवलं त्याचं. भन्तेजींनी तीनदा उच्चारलं. तुझी आई, गयाबाई, पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, डोळ्याला पदर लावून. अख्ख्या गल्लीनं खीर खाल्ली. आणि तू त्यातलं अर्धं नाव उल्हासनगरात ठेवून आलास?

मिलिंद : पप्पा, आवाज. भिंती पातळ आहेत.

किसन : बघ, बघ. आता माझा आवाज पण जास्त झाला.

संध्या : पप्पा, रागवायचं तर माझ्यावर रागवा. ह्यानं नाही केलं ते, सुरुवात मी केली. इथं सोनिवलीत सामान उतरवत होतो, तेव्हा हिरामण काकांच्या बायकोनं विचारलं, बाळाचं नाव काय गं? माझ्या तोंडून निघून गेलं, दीप. ठरवून नाही हो बोलले. जीभच अडली. त्या म्हणाल्या, छान आहे, आणि मोरे म्हणजे तुम्ही साताऱ्याकडचे मराठे ना? मी नुसती हसले. त्यांना काय वाटायचं ते वाटलं. नंतर दुरुस्त करायचा धीरच झाला नाही.

किसन : अगं पण तुला भीती कशाची?

संध्या : पालेगावची. तुम्हाला आम्ही सगळं सांगितलंच नव्हतं.

किसन : पालेगावचं घर मालकाच्या पुतण्याचं लग्न झालं म्हणून सोडलंत ना?

मिलिंद : कुठला पुतण्या नि कुठलं लग्न! आपण सगळे चौदा एप्रिलला मिरवणुकीला गेलो होतो, पांढऱ्या कपड्यांत, आठवतंय? रात्री परत आलो तर मालकीणबाई दारात उभ्या होत्या. हसल्या, बोलल्या, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची वाटी यायची बंद झाली.

संध्या : रोज काहीतरी यायचं हो त्यांच्याकडून. कधी कालवण, कधी चटणी. मी पण पाठवायचे. शेवटची माझी वाटी गेली ती परत आलीच नाही. मागितली तर म्हणाल्या, मोलकरणीला देऊन टाकली. महिनाभरात पुतण्याचं लग्न निघालं. त्यानंतर किती घरं बघितली असतील आम्ही! फोनवर "या, या", आणि समोर गेलं की आडनाव, गाव, कुलदैवत, सगळं विचारून झाल्यावर "मिस्टरांशी बोलून सांगते".

किसन : आणि हे मला आज कळतंय. माझ्याच घरातली गोष्ट, आणि ती कळायला बाजारातनं डबा आणायला लागला.

मिलिंद : तुम्हाला सांगून काय झालं असतं? तुम्ही भांडायला गेला असता.

किसन : गेलोच असतो! अंबरनाथच्या कंपनीत अख्खी नोकरी केली, कुणी विचारलं तर छाती पुढं काढून सांगितलं, जयभीमवाला आहे. कुणाच्या बापाला घाबरलो नाही.

मिलिंद : बरोबर आहे पप्पा. पण कंपनी सुटली की तुम्ही आपल्या गल्लीत परत यायचात. चारी बाजूंना आपलीच माणसं. तिथं आवाज चढवला तर मागं शंभर माणसं उभी. इथं माझ्या मागं कोण आहे? ही आहे, नि तो सहा वर्षांचा पोरगा. आणि गल्ली सोड, फ्लॅटमध्ये जा, पोराला मोकळी हवा लागू दे, हे कुणाचं म्हणणं होतं?

किसन : माझंच.

मिलिंद : मग?

किसन : मला वाटलं, तू मोकळ्या हवेत गेलास. मला काय माहीत, तू श्वास धरून बसलायस. आणि तो बाबासाहेबांचा फोटो? हॉलमधनं आत बेडरूममध्ये नेलास तेव्हा म्हणालास, ह्या भिंतीला ओल येते. हात लावून बघितला मी मघाशी. कोरडी ठणठणीत आहे भिंत.

संध्या : पप्पा, मला काय बरं वाटतं का? चीड येते मला माझीच. रात्री त्याला पाळण्यातलं नाव घेऊन झोपवते आणि सकाळी दार उघडलं की अर्धं गिळते. पण शाळा समोर आहे, नोकरी घरातनं आहे, खाली जीव लावणारी माणसं आहेत. हे पण गेलं तर कुठं जायचं?

किसन : खालचा माणूस तसाच आहे कशावरनं? विचारलंत कधी?

मिलिंद : हिरामण काका वाईट नाहीत हो. तेच तर आहे. मी आजारी होतो तर ते स्वतः गाडीतनं दवाखान्यात घेऊन गेले. पालेगावची बाई पण वाईट नव्हती. चांगल्या माणसाचं तोंड एका रात्रीत बदलतं ना, ते परत बघायची ताकद नाही माझ्यात. बस. घाबरट म्हणा हवं तर.

किसन : नाही म्हणत.

मिलिंद : मग पासवर्ड सांगा. नाव बदलायला आधी पासवर्ड मागतोय तो.

(दारावरची बेल वाजते. संध्या दार उघडते.)

तेजस्वी : वहिनी, ही घ्या तुमची वाटी. आईनं तांदळाच्या भाकऱ्या दिल्यात, नि वाटीत सुकटीची चटणी. रिकामी वाटी पाठवायची नाही म्हणते ती. अरे, आजोबा आले वाटतं!

संध्या : ये ना तेजू, आत ये. पप्पा, ही हिरामण काकांची तेजस्वी. कॉलेजला आहे.

किसन : ये बाळा.

तेजस्वी : नाही, बसत नाही, मला क्लास आहे. दादा, तुम्ही नवीन वायफाय घेतला का? सकाळपासून आमच्याकडे एक नवीनच नाव येतंय. एकदम फुल दांड्या! बाबा पण चष्मा लावून बघत होते, म्हणे हे कोण आलं आपल्या बिल्डिंगमध्ये?

मिलिंद : अं... हो. म्हणजे...

तेजस्वी : धम्मदीप. मी म्हटलं, आपला दीपच असणार! त्याचंच आहे का हो, पूर्ण नाव?

संध्या : तेजू, ते...

किसन : छे गं! आपल्या दीपचं कुठलं? तो डबा मी आणला उल्हासनगरातनं. सेकंडहँड आहे. आधी ज्याच्याकडे होता, त्यानं ठेवलेलं असणार. दुकानदारानं तसंच राहू दिलं.

तेजस्वी : अच्छा! तरीच. मला वाटलंच, काहीतरी घोळ आहे. चला, सांगते बाबांना. ते उगाच डोकं लावत बसलेत. येते हं वहिनी. दीप खाली आमच्याच अंगणात खेळतोय, काळजी करू नका.

संध्या : हो. आईला सांग, भाकऱ्या छान मऊ आहेत.

तेजस्वी : अजून खाल्ल्या पण नाहीत!

संध्या : हाताला लागतात गं. जा, क्लासला उशीर होईल.

मिलिंद : ...दार लाव.

संध्या : लावलं.

मिलिंद : पप्पा, तुम्ही का बोललात तसं?

किसन : तुझं तोंड बघितलं. पांढराफटक पडला होतास. लहानपणी तुला ताप चढायचा तेव्हा तसा दिसायचास. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

मिलिंद : मी काहीतरी सांगितलं असतं.

किसन : काय सांगितलं असतंस?

मिलिंद : माहीत नाही.

किसन : माझ्या तर तोंडातनं कसं सुरळीत निघालं बघ. "छे गं, आपल्या दीपचं कुठलं." मघाशी सूनबाईला विचारत होतो, भीती कशाची? कळलं आता. भीतीला वेळ लागतच नाही. ह्या जिभेनं, मिलिंदा, आयुष्यात कुणासमोर स्वतःचं नाव लपवलं नाही. आणि आज नातवाला ओळख दिली नाही मी.

संध्या : पप्पा, नका ना असं बोलू. पाणी घ्या.

किसन : नवाकोरा डबा, त्याला सेकंडहँड म्हणालो.

मिलिंद : राहू दे मग. नाही बदलत मी. राहू दे नाव तसंच. येऊ दे काकांना, काय व्हायचं ते होईल.

किसन : आता कसं राहू देतोस? मी सांगून बसलो ना, दुसऱ्याचं आहे म्हणून. संध्याकाळी तेच विचारतील, अजून का नाही काढलंत? आता ते काढायलाच लागेल. मीच दार बंद केलं ते.

मिलिंद : पप्पा...

किसन : काढ. फोन घे हातात. तुझ्या आईचं नाव टाक. गयाबाई. सगळी लहान अक्षरं.

मिलिंद : हा पासवर्ड आहे?

किसन : हो. तो दिसतो का कुणाला?

मिलिंद : नाही. तो फक्त आपल्याला माहीत असतो.

किसन : मग तेवढा राहू दे.

मिलिंद : उघडलं. नवीन नाव मागतोय. काय टाकू?

किसन : दारावरच्या पाटीवर काय लिहिलंयस?

मिलिंद : मोरे.

किसन : मग तेच टाक. सगळीकडे एकच असलेलं बरं, घोळ होत नाही.

मिलिंद : टाकलं. दिवे गेले बघ सगळे... थांब, लागतायत परत. लागले. संध्या, तुझ्या लॅपटॉपवर बघ.

संध्या : आलं. मोरे.

किसन : गेटपर्यंत जात असेल ना हे पण?

मिलिंद : जात असेल.

संध्या : चला, जेवून घेऊ या. भाकऱ्या गार होतील. पप्पा, पोरगा खालीच आहे, जरा खिडकीतनं हाक मारता का त्याला? तुमचा आवाज लगेच ओळखतो तो. गल्लीत तुम्ही हाक मारली की चार चाळी ओलांडून धावत येतो.

किसन : मारतो की. सरक, खिडकी उघडू दे. तो काय, त्या तेजस्वीच्या बापाजवळच उभा आहे. ...मिलिंदा, काय म्हणून हाक मारू रे?