पाहुण्यासाठी शिंपडलेलं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या गाथांगेरी कॉफी सोसायटीचे चेअरमन माननीय गाथेचासाहेब, शेजारी बसलेले आदरणीय पाद्रीबाबा, नव्या वसाहतीतून आवर्जून आलेल्या अचिएंगबाई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती वांगेची, आणि समोर बसलेल्या भावाबहिणींनो, या किमोथो म्हाताऱ्याचा सर्वांना नमस्कार.

आधी ती डावीकडची खिडकी कोणीतरी लावून घ्या. वरच्या रस्त्यानं ट्रक येतोय. हां, झालं. आता बोलतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. साहेबांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि वांगेचीच्या कामाबद्दल बोल म्हणाले आहेत. काम काय सांगू? एकतीस वर्षं ती कॉफी वाळवायच्या जाळीच्या टेबलांवर उभी राहिली. बी दाताखाली धरायची, टक्क आवाज आला की म्हणायची, "उचला." नैरोबीचे व्यापारी आमच्या कॉफीचा वास घेऊन मान डोलवायचे. मी तेव्हा त्या अंगणाचा मुकादम. मान डोलली की छाती माझी फुगायची.

सात वर्षांपूर्वी वरच्या उतारावरची कॉफी उपटली आणि घरं सुरू झाली. गैरसमज नको. ज्यांनी जमीन विकली त्यांना मी नावं ठेवत नाही, माझा सख्खा भाऊ त्यांत आहे. माणसांना घरं लागतातच. पण उघडी पडलेली लाल माती, मुरुमाचा रस्ता, दिवसभर दगड कापायची यंत्रं, संध्याकाळी जळणाऱ्या सिमेंटच्या पिशव्या, हे सगळं जाणार कुठे? ट्रक दिसला की वांगेची धावत टेबलांवर कापड ओढायची. कोणीतरी विचारलं, कॉफीला झाकतेस, मग स्वतःचं तोंड का नाही झाकत? ती म्हणाली, "मला कोण विकत घेणार आहे?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

धुळीबद्दल सरकारकडे अर्ज करायला लावला तो तिनंच. चौदा महिन्यांनी उत्तर आलं. अमुक गुरुवारी अधिकारी यंत्र घेऊन येईल, दिवसभर आपल्या अंगणात बसून हवेतली धूळ मोजेल. धूळ जास्त निघाली तर रस्ता डांबरी होईपर्यंत ट्रक बंद. आपण काय करायचं होतं? काही नाही. अंगण आहे तसं राहू द्यायचं होतं.

तेवढंच माझ्याच्यानं झालं नाही. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की अंगण झाडतात, पाणी मारतात. मी पहाटेच बायकांना कामाला लावलं. कॉफी धुवायच्या हौदातून साठ कॅन पाणी काढलं आणि रस्त्याच्या वळणापर्यंत शिंपडलं. वांगेची आली आणि म्हणाली, "बाबा, त्याला धूळ दाखवायला बोलावलंय ना? मग ती दडवता कशाला?"

मी चारचौघांत तिला म्हणालो, "तुझ्या घरी पाहुण्याला मातीत बसवतात का गं?"

तिनंही कॅन उचलला. ओलं अंगण पाहून त्या दिवशी ट्रकवालेसुद्धा हळू गेले. अधिकाऱ्यानं तीन कप चहा घेतला, जागा किती छान ठेवली आहे म्हणाला. यंत्रातला कागद संध्याकाळी पांढराच होता.

त्या पांढऱ्या कागदाच्या जोरावर वरून लिहून आलं, इथली हवा चांगली. त्याच कागदावर वसाहतीचा दुसरा टप्पा मंजूर झाला, मग तिसरा, मग चौथा. आम्ही पुन्हा अर्ज केले. उत्तर एकच, तपासणी झालेली आहे. आता पाचव्या टप्प्याचे हद्दीचे दगड आपल्या अंगणात रोवले आहेत, येताना तुम्ही ओलांडलेच असतील. गेल्या हंगामात कॉफी परत आली, मातीची चव लागते म्हणून. आणि वांगेचीच्या छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वर डोंगरात, ओल कालोऊ गावी लेकीकडे जा. मी विचारलं, तिथं बरी होईल ना? ते म्हणाले, "तिथं आणखी बिघडणार नाही." तेही खाली बघून.

अचिएंगबाई, तुमचं नाव घेतो, राग मानू नका. मघाशी पायरीवर तुम्ही सांगितलंत की धाकट्याच्या खिशात श्वासाचा पंप असतो, आणि विचारलंत, अर्ज कुठे करायचा. मी म्हणालो, करा, पण त्या दिवशी झाडू नका. तुम्ही हसलात. मी थट्टा करत नव्हतो. तसं आता झाडलं काय, न झाडलं काय, कोण येणार आहे मोजायला?

काल मी वांगेचीकडे माफी मागायला गेलो होतो. ती गाठोडं बांधत होती. माझं बोलणं ऐकून म्हणाली, "साठातले चार कॅन माझेच होते, बाबा." आणि तिला खोकला लागला. तो थांबेपर्यंत माझं पुढचं वाक्य राहूनच गेलं.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी माझं नाव आशीर्वादासाठी आहे. जाणाऱ्याच्या तळहातावर थोरल्यानं थुंकीचा शिंतोडा द्यायचा, ही आपली रीत. तिच्या लग्नात तो मीच दिला होता. आज सकाळी मोरीत थुंकून पाहिलं. थुंकी मुरुमाच्या रंगाची आली. ती मी हिच्या हातावर ठेवणार नाही. साहेब, एवढं पत्रिकेतलं वगळा.

सोसायटीचे, पाद्रीबाबांचे, मुकिमो रांधणाऱ्या बायकांचे आभार. जास्त बोललो असेन, कोणाला लागलं असेल, तर म्हातारा समजून पदरात घ्या.

वांगेची, दारापासून वळणापर्यंत आज सकाळी मी पाणी मारून ठेवलंय. तेवढ्यात गाडीची काच लावून घे. वळणापुढे माझं पाणी पुरलं नाही.