पुलावरच्या डब्याची पाळी

ताई : माणसं खाली उतरव म्हणतेय मी. विनंती नाही करत.

धाकटा : आणि साहेबांना काय सांगू? परत शेळी आली म्हणून?

ताई : शेळीचं नाव काढू नकोस.

धाकटा : का नको? मागच्या महिन्यात तुझ्या एका फोनवर रस्त्याचं अख्खं काम थांबवलं मी. वर जाऊन बघतो तर शेळी तुझ्या डब्याला अंग घासतेय. अजून माणसं मला बघून बें बें करतात.

ताई : तेव्हा डबा कलला होता. आज एकही कललेला नाही. म्हणून तर भीती वाटतेय.

धाकटा : हे बघ, माणसाला समजेल असं बोल. कललेला नाही म्हणजे चांगलंच ना? थांब, कसला आवाज आला तुझ्याकडे?

ताई : दाराचा. वाऱ्यानं आपटत होतं. परवापासून चौकटीत बसतच नाही. खांदा लावून ढकललं, आता बसलं एकदाचं.

धाकटा : सुताराला पाठवतो. रंधा मारला की झालं. हं, बोल.

ताई : दरड सरकायला लागली तर कळावं म्हणून तुमच्या डोक्यावरच्या उतारात डबे ठोकलेत, बरोबर? ते फक्त एवढंच सांगतात, मी सरळ आहे की वाकलोय. अख्खा उतार उभाच्या उभा सरकला, कपाट सरकवावं तसा, तर डबा म्हणणार, मी सरळ आहे, माझं उत्तम चाललंय.

धाकटा : आणि उतार सरकला हे तुला कुणी सांगितलं?

ताई : इथल्या, माझ्या खोलीशेजारच्या अँटेनानं. म्हणजे ती आपणहून नाही बोलली, मी खोदून काढलं. डब्यांची बॅटरी एवढीशी, आवाज बारीक. अँटेना जागची हलत नाही, पण पाळीपाळीनं एकेका डब्याच्या दिशेनं कान लावते. डबा जरा बाजूला गेला की कानही तिकडे वळवते, आपोआप. त्यामुळे आवाज कायम स्वच्छ, आणि माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

धाकटा : गुणाची आहे की मग.

ताई : जरा जास्तच. कान किती वळवावा लागला ते कुणाला कळूच देत नाही. आज मी बसवल्या दिवशीच्या दिशा काढल्या आणि आजच्या शेजारी ठेवल्या. सगळे डबे उजवीकडे गेलेत. थोडेच, पण सगळे. परवापर्यंत जागेवर होते.

धाकटा : तुझ्या अँटेनाचीच चूक असेल.

ताई : असेलही. पुलाच्या खांबावर एक डबा आहे, पक्क्या खडकात. तो हलूच शकत नाही. तोही वळलेला दिसला तर चूक अँटेनाची. पण बॅटरी वाचवायला तो मधूनच कधीतरी बोलतो. त्याची पाळी यायची आहे अजून.

धाकटा : मग येऊ दे की पाळी. तोवर आमचं एवढं खणून होईल.

ताई : तोवर तुम्ही त्या उताराखाली उभे राहणार? आणि मी आईला काय सांगू? पुलावरच्या डब्याची वाट बघत बसले होते म्हणून सांगू?

धाकटा : आईला मध्ये आणू नकोस.

ताई : आणली.

धाकटा : बरं बाई. ए, यंत्र बंद कर! बंद कर म्हणतो ना! सगळे खाली. हत्यारं राहू देत तिथंच. बघ, झाली बें बें सुरू. कुठे नेऊ यांना?

ताई : ठरलेल्या जागी. ओढा ओलांडून अलीकडे, माझ्या खालच्या सपाटीवर.

(फोन चालूच. दगडांवरून चालणारी पावलं, पाणी. कुणीतरी शेळीसारखं ओरडतं, मागे हशा.)

धाकटा : आलो. एकही मागे राहिला नाही. तुझी खिडकी दिसतेय डोक्यावर. हात तरी कर.

ताई : थांब. पुलाचा डबा बोलतोय.

धाकटा : काय म्हणतो? ताई? अगं, काय म्हणतो?

ताई : तोही वळलाय. तेवढाच. अरे, तोही अगदी तेवढाच वळलाय!

धाकटा : म्हणजे?

ताई : म्हणजे तुमचा डोंगर हललाच नाही! डबे सगळे जागच्या जागी आहेत.

धाकटा : सुटलो बाई. पण आता माझी धिंड निघणार. शेळी नंबर दोन.

ताई : निघू दे. सगळ्यांना जेवायला घालते. मूर्ख मीच. उतार सरकला असता तर जवळचे डबे जास्त वळलेले दिसले असते, लांबचे कमी. हे सगळे सारखेच वळलेत, कवायतीत वळावं तसे. तेव्हाच कळायला हवं होतं. डबे नाही वळले, अँटेनाच वळलीय.

धाकटा : अँटेनाच्या खांबाचे बोल्ट सैल झाले असतील.

ताई : सकाळीच पाना लावून बघितले. केसभर हलत नाहीत.

धाकटा : मग वाऱ्यानं खांब पिळला असेल.

ताई : तो खांब? तुझी सगळी माणसं लोंबकळली तरी पिळणार नाही. खाली काँक्रीटचा चौथरा आहे, खोलीला आणि खांबाला मिळून एकच.

धाकटा : मग काय चौथरा वळला म्हणतेस?

ताई : चौथरा कसा वळेल? तो तर या डोंगरातच रोवलाय.

धाकटा : ताई, दार कधीपासून बसत नाही म्हणालीस?

ताई : परवापासून.

धाकटा : डबेही परवापासूनच.

ताई : तू कुठे उभा आहेस?

धाकटा : तू सांगितलंस तिथेच. तुझ्या खाली.

ताई : परत जा.

धाकटा : काय?

ताई : ओढा ओलांडून परत जा. त्याच उताराखाली. तो डोंगर पक्का आहे. हा माझ्याखालचा नाही. चालत नको, पळत.

धाकटा : आता हे लोक माझं डोकं फोडतील.

ताई : पलीकडे गेल्यावर फोडू देत.

धाकटा : आणि तू?

ताई : आधी माणसं ने.

धाकटा : चला, परत पलीकडे! का ते नंतर! अरे पळा, पाया पडतो तुमच्या! ताई, कुणी बें बें करत नाहीये गं. दार उघड तू.

ताई : उघडतेय. मीच घट्ट बसवलंय मघाशी. निघत नाहीये.

धाकटा : खिडकी?

ताई : गज आहेत.

धाकटा : पाना आहे ना तुझ्याजवळ? फटीत घाल आणि आत ओढ. जोर लाव.

ताई : लावतेय. तू बोलत राहा. काहीतरी बोल.

धाकटा : काय बोलू?

ताई : काहीही. शेळीचं बोल.

धाकटा : पांढरी होती. एक कान काळा. मी हाकलायला गेलो तर उलट माझ्याच अंगावर आली. निघालं का?

ताई : थोडंसं. पुढे?

धाकटा : पुढे काय, मी पळालो. दगडावरून पडलोसुद्धा. हे कुणाला सांगितलेलं नाही मी. ताई? ताई!

ताई : निघालं. बाहेर आहे मी. तुम्ही पोचलात?

धाकटा : शेवटचा गडी पाण्यात आहे. आला. आले सगळे. तू वरच्या अंगानं जा, खडकाकडे. खाली अजिबात उतरू नकोस.

ताई : जातेय. पायाखाली भेग आहे इथे. गवतानं झाकलेली. आधी कधी दिसली नव्हती.

धाकटा : ओलांड. ओलांडलीस?

ताई : ओलांडली. तुला दिसतेय का मी?

धाकटा : दिसतेस.

ताई : आणि खोली?

धाकटा : पुढे बघ, ताई. मागे वळू नकोस. चालत राहा.