डोळे राहिलेला गणपती

लॉकडाउन उठल्यावर परदेशातल्या स्वोर्ड्स गावातल्या प्रिंटिंगच्या दुकानाबाहेर रांग लागली होती. पुढचं मास्क लावलेलं जोडपं मराठीत बोलू लागलं, तसे प्रमोदिनीने कान टवकारले.

"अरे, मोबाइलवर गणपती छान दिसत होता की. परत रेंडर कशाला केलास?"

"अगं, ती फाइल सहा फुटांपर्यंत मोठी केली की फाटत होती. आता कडा बघ, कशा स्वच्छ आल्यात."

"पण डोळे कुठायत?"

"मुद्दाम कोरे ठेवलेत. पेणच्या कारखान्यात डोळे बाबाच आखायचे. यंदा इथे अडकलेत, तर इथेही तेच आखतील. प्रिंटवर, ब्रशने."

"म्हणून मॅट कागद सांगितलास होय."

"ग्लॉसीवर रंग धरत नाही."

"अरे, पण त्यांचा हात किती थरथरतो आता. चहाचा कपसुद्धा धरवत नाही."

"म्हणून तर सहा फूट."